बाबांचं ‘बरं’

सोमवार, २ फेब्रुवारी

वर्गाला रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात. दिवसभरात कानावर पडलेलं एक वाक्य, ते कोण बोललं आणि कुठल्या टोनमध्ये बोललं. दुसऱ्यांना गृहपाठ द्यायचा आणि आपण पाय पसरून बसायचं हे काही शोभत नाही, म्हणून आजपासून मीही लिहिणार. माझी वही कोणी तपासणार नाही, एवढाच काय तो शिक्षक असल्याचा फायदा.

शाळेतली नोकरी सोडून लाँड्रीच्या वरच्या खोलीत मी हा संध्याकाळचा वर्ग काढला, त्याला महिना झाला. नोकरीधंदा करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजीच्या परीक्षेला बसवायचं, असा बेत आहे. परीक्षा मे महिन्यात. त्यात एक उतारा देतात आणि खाली विचारतात, लेखकाचा टोन कोणता आणि त्याने कुठले अलंकार वापरलेत? आज पहिला सराव घेतला. पहिला उतारा एका बंद पडलेल्या बागेचा. अख्ख्या वर्गाने लिहिलं, ‘सॅड’. दुसऱ्यात एक कारकून साहेबांच्या नव्या गाडीची इतकी स्तुती करतो की वाचणाऱ्याला हसू यावं. उत्तर, ‘सॅड’. तिसरी नुसती कर भरण्याची सूचना होती. त्यालाही ‘सॅड’.

“अहो, यात सॅड काय आहे?” मी विचारलं.

“कर भरायचाय म्हणजे सॅडच की, मॅडम,” बसचे ड्रायव्हर म्हणाले. वर्ग हसला. मला मात्र दरदरून घाम फुटला. मे महिना काही फार लांब नाही.

घरी आल्यावर हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” ते दुसरं काही म्हणूच शकत नाहीत. चार महिन्यांपूर्वी झटका आला, त्यात उजवी बाजू लुळी पडली. ती आता काठीच्या आधाराने सावरतेय, पण वाचा गेली आणि एवढा एक शब्द मागे राहिला. जन्मभर ज्यांनी लिलाव पुकारले, जुनी कपाटं आणि तुटकी घड्याळं बोलण्याच्या जोरावर विकली, त्यांच्या वाट्याला एकच शब्द. डॉक्टर म्हणतात, कळतं सगळं. मला कधी कधी शंका येते.

आजचा माझा टोन: चिवट.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

स्पीच थेरपिस्ट येऊन गेल्या. वय माझ्या धाकट्या विद्यार्थिनीएवढं, आणि मलाच शिकवतात. म्हणे, “रोज त्यांचं थोडं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. आणि एक सांगू का? तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. विचारल्यावर जरा थांबत जा.”

वीस वर्षं फळ्यासमोर काढली मी. प्रश्न विचारून थांबायचं कसं, हे आता मला कोणी समजावायला नको. “हो, हो, थांबेन,” म्हटलं आणि त्यांना दारापर्यंत सोडलं. रेकॉर्डिंग मात्र सुरू केलंय. सांगितलेलं काम करते मी.

शनिवार, ७ फेब्रुवारी

तक्ता तयार झाला! टोनचे शब्द रंगीत कार्डांवर लिहून भिंतीभर लावायचेत. टीझिंग म्हणजे फिरकी घेणारा. ईगर म्हणजे उतावीळ, आतुर. विस्टफुल म्हणजे हुरहुर लावणारा. रिझाइन्ड म्हणजे आता काही इलाज नाही म्हणून मान तुकवलेला. ‘सॅड’चं कार्ड मुद्दाम केलंच नाही. बघू आता काय लिहितात ते.

रोज दुपारी मी संध्याकाळचा धडा बाबांसमोर म्हणून बघते. त्यांना काही समजावं म्हणून नाही, समोर कोणी असलं की मला सुचतं म्हणून. आज अलंकार होते. उदाहरणं शोधता शोधता बाबांचेच लिलाव आठवले. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी लिलावघरात मागच्या बाकावर बसायची. “हे टेबल बघा. हे टेबल हलवून बघा. हे टेबल घरी नेऊन बघा!” सुरुवातीचे तेच ते शब्द पुन्हा पुन्हा. हाच तर ॲनाफोरा! “खुर्चीचा एक पाय किंचित नाजूक आहे,” असं ते म्हणायचे आणि त्या खुर्चीला मुळात तीनच पाय असायचे. हे अंडरस्टेटमेंट. “असं कपाट पुन्हा मिळणार आहे का?” या प्रश्नाला उत्तर नकोच असतं, समोरच्याला गप्प करायचं असतं. हा रेटॉरिकल क्वेश्चन. बाबांना एकाही अलंकाराचं नाव माहीत नव्हतं आणि ते रोज सगळे वापरत होते.

मी रंगात येऊन बोलत होते. बाबा सारखं “बरं, बरं, बरं” करत होते. कंटाळले असावेत. मी आवरतं घेतलं तर तोंड फिरवून बसले.

मग चष्मा सापडेना. घर पालथं घातलं. बाबा आपले खुर्चीतून “बरं”. रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून ओरडले नाही, नाहीतर म्हणणार होते, इथे मला दिसत नाहीये आणि यात कसलं बरं? चष्मा माझ्या डोक्यावर होता. म्हाताऱ्या माणसाला तेवढं लक्षात येणं कठीणच.

मंगळवार, १० फेब्रुवारी

वर्ग छान झाला. ड्रायव्हरनी गृहपाठ आणला, एकच वाक्य, “पुढे सरका.” सकाळी पहिल्या फेरीला कसं म्हणतात, दुपारी गर्दीत कसं, आणि साहेब तपासणीला चढले की कसं, हे उभं राहून करून दाखवलं. शेवटचं तर इतकं गोड होतं की वर्गातली पार्लरवाली ताई म्हणाली, “असे रोज बोललात तर मी बसनेच येईन.” वर्गात एक नर्स आहे, तिने ओळखलं, “इन्ग्रेशिएटिंग.” म्हणजे मर्जी राखायला गोड बोलणारा. तक्त्यातला तो सगळ्यात अवघड शब्द, आणि तिने चुटकीसरशी काढला. तिला परदेशातल्या इस्पितळात नोकरी करायचीय. मिळवेलही.

घरी बाबांजवळ शेजारच्या काकू बसतात. आज म्हणाल्या, “अगं, तू जायची वेळ झाली की हे बूट मागतात. काठीने कपाटाखालून ओढून घेतात. मी काढून ठेवते, हे पुन्हा घेतात.”

घरात बूट कशाला? चपला पुरतात. मी बूट वरच्या फळीवर ठेवून दिले, म्हणजे काठी पोचणार नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

दादा आला. रात्रभराचा प्रवास करून सकाळी हजर, हातात फळांची पिशवी. त्याच्या गावची सगळी तयारी त्याने फोनवर फोटो दाखवून सांगितली. बाबांसाठी तळमजल्यावरची खोली रंगवून घेतलीय. धरायला भिंतीला दांडे, बाथरूमला न घसरणाऱ्या फरश्या, खिडकीखाली पलंग. वहिनीनेही मनापासून केलंय सगळं. दादा करतो तेव्हा पक्कं करतो, हे मान्यच करायला हवं.

बाबांचा रोजचा सराव चालू होता, फोन समोर होता. दादा त्यांच्या पायाशी स्टूल घेऊन बसला.

“बाबा, तिकडे काय कमी आहे तुम्हाला? माझं घर म्हणजे तुमचंच घर ना? आणि हिने तरी एकटीने किती करायचं? नवा वर्ग, धावपळ, तुमचं औषधपाणी. तिच्याकडे बघवतं का तुम्हाला?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

“बरं,” ते म्हणाले.

“झालं तर मग!” दादाने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. “आठ मार्चला येतो न्यायला.”

इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. बाबा समंजस आहेत. टोन: समंजस. तक्त्यात हा शब्द नाही, घालायला हवा.

सोमवार, १६ फेब्रुवारी

खरं तेच लिहायचं ठरवलंय तर लिहिते. मला हलकं वाटतंय. काकूंची पाठ दुखायला लागलीय, गेल्या आठवड्यात मला एकदा वर्ग बुडवावा लागला. असं दोनदा-तीनदा झालं की माणसं येणं बंद करतात, आणि कामावरून थकून आलेल्या माणसाला बंद खोलीपुढून परत पाठवणं मला जमत नाही. आठ मार्चनंतर मी रोज वेळेवर पोचेन. धडा नीट तयार करेन. सकाळी शांतपणे चहा पिईन.

आणि हलकं वाटतंय म्हणून लाजही वाटते. पण त्यांनी स्वतःच तर होकार दिला. मी कुठे काय बोलले?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दुपारी धडा म्हणायला बसले तर बाबांनी डोळे मिटून घेतले. झोप आली असेल. एकटीनेच म्हटला. काही सुचलं नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

बाबांची बॅग भरायला घेतली. गरम कपडे, औषधं, दाढीचं सामान. त्यांची लिलावाची हातोडी खणात होती, लाकडाची, मूठ हाताच्या घामाने काळी झालेली. म्हटलं ही सोबत असू दे, म्हणून बॅगेत ठेवली. मी औषधांची चिठ्ठी शोधून परत येते तो हातोडी पुन्हा खणात. मी बॅगेत घातली. चहा ठेवून आले, पुन्हा खणात. डावा हात त्यांचा चांगला चालतो आता.

“बाबा, खेळ करू नका हो,” मी म्हटलं.

“बरं!” ते जोरात म्हणाले आणि खण आपटून बंद केला. डॉक्टरांना फोन करून विचारायला हवं, असा चिडचिडेपणा वाढणं हे काही दुसरं लक्षण तर नाही?

जेवणही कमी झालंय. वर्गाला निघताना ते दाराकडे बघत होते. “मी निघते हं,” म्हटलं. “बरं.” रोजचंच. आज त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं, तर मोजे घातलेले. बूट नाहीत, नुसते मोजे.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

‘शब्द तोच, टोन वेगळा’ हा सराव घ्यायचा होता. एकच शब्द निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणायचा आणि वर्गाने तक्त्यातला शब्द सांगायचा. मी स्वतः करून दाखवायला गेले तर पंचाईत. “मॅडम, तुमचा रागावलेला आणि तुमचा आनंदी सारखाच वाटतो,” पार्लरवाली ताई म्हणाली. सगळे हसले. मग मला फोन आठवला. बाबांच्या सरावाचे आवाज त्यात भरपूर होते, शब्द एकच. याहून चांगला नमुना कुठे मिळणार?

“एका ओळखीच्या गृहस्थांचा आवाज आहे,” मी म्हटलं आणि एक लावला. आधी सामान हलवल्याची खडखड, मग “बरं.”

नर्स लगेच म्हणाली, “टीझिंग. कोणाची तरी फिरकी घेतायत. म्हणजे, ‘शोध, शोध, डोक्यावर आहे तो!’ असं काहीतरी.”

माझा हात आपोआप चष्म्याकडे गेला. मी पुढचा लावला. त्यात मी अलंकार समजावत होते आणि मागून “बरं, बरं, बरं” चाललं होतं. माझा आवाज ओळखू येतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. पण कोणी तसं दाखवलं नाही.

“ईगर,” पार्लरवाली ताई म्हणाली. “पुढे बोला, थांबू नका, असं म्हणतायत. माझ्याकडे एक बाई येतात, मी दुसऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायला लागले की अशाच करतात.”

मी अजून एक लावला. माझा आवाज, “मी निघते हं,” आणि मग त्यांचं “बरं.”

ड्रायव्हर कान पुढे करून ऐकत होते. मग म्हणाले, “पुन्हा लावा.” पुन्हा ऐकून म्हणाले, “मॅडम, गाडी सुटताना मागून हात करत येतात ना माणसं, तसा आवाज आहे हा. यांना चढायचंय.”

“कुठे चढायचंय?” मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

“ते मला काय ठाऊक? तुम्ही निघालात तिकडेच असेल.”

मोजे आठवले. वरच्या फळीवर ठेवलेले बूट आठवले. तिथेच थांबायला हवं होतं, पण बोटाने पुढचं दाबलं गेलं आणि खोलीत दादाचा आवाज भरला. तिकडे काय कमी आहे तुम्हाला. माझं घर म्हणजे तुमचंच घर ना. किती करायचं. बघवतं का. एकामागून एक. आणि शेवटी ते “बरं”.

खालून लाँड्रीतल्या इस्त्रीचा वाफेचा आवाज येत होता, तो वरपर्यंत ऐकू आला.

“हे रेटॉरिकल क्वेश्चन ना, मॅडम?” पार्लरवाली ताई हळूच म्हणाली. “तुम्ही शिकवलं होतं. ज्याला उत्तर नको असतं. मध्ये ते कुठे थांबलेच नाहीत.”

“रिझाइन्ड,” नर्स म्हणाली. तिने तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ड्रायव्हर बाकावर बोट फिरवत बसले होते. “मी सॅड म्हटलं असतं,” ते म्हणाले, “पण तुम्ही ओरडाल.”

“नाही,” मी म्हटलं. “बरोबर आहे. सॅडच.”

मला रडू आलं. वर्गासमोर कधी रडले नव्हते, शाळेत इतकी वर्षं काढूनही नाही. नर्सने पाणी दिलं. ड्रायव्हरनी तक्त्यात एक रिकामं कार्ड लावलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सॅड’ लिहिलं.

दुसऱ्यांचे कान तयार करायला निघाले होते मी! चार महिने तो माणूस माझ्याशी बोलतोय, आणि मी नुसता शब्द ऐकत होते. त्यातून तो एक ‘बरं’ मला होकार म्हणूनच हवा होता, म्हणून तसाच ऐकला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

सकाळी बाबांसमोर स्टूल घेऊन बसले. एकच प्रश्न विचारायचा आणि तोंड बंद ठेवायचं, असं स्वतःला बजावलं होतं. किती कठीण आहे ते! पुढचं वाक्य जिभेवर येऊन उभं राहतं.

“बाबा, दादाकडे जायचंय तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, खरंच विचारतेय की उगाच, असं. मी थांबले. त्यांची नजर भरलेल्या बॅगेवर गेली.

“बरं,” ते जमिनीकडे बघून म्हणाले. हे ‘नाही’ होतं. कोणालाही कळलं असतं.

“इथे राहायचंय?”

“बरं!” इतका मोठा आवाज झटक्यानंतर मी ऐकला नव्हता. काकू शेजारून धावत आल्या.

“आणि बूट कशाला हवेत?”

त्यांनी काठी उचलली आणि माझ्या वर्गाच्या पिशवीकडे दाखवली. मग स्वतःकडे. लिलावाला ते कधी चपला घालून गेले नाहीत. घरी कितीही फाटकं नेसतील, पण कामावर जाताना बूट, तेही चमकवलेले. आपल्या बापाबद्दलची एवढी गोष्ट मला माहीत होती आणि तरी मी ते फळीवर ठेवून दिले!

“वर्गाला यायचंय?”

“बरं, बरं, बरं!” म्हणाले आणि काठी तीनदा जमिनीवर आपटली. लिलावात पुकारायचे तसं, एक वार, दोन वार, तीन वार.

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि ते डाव्या हाताने माझा चष्मा सरळ करत राहिले.

रविवार, १ मार्च

दादाला फोन केला. व्हायचं तेच झालं.

“तूच भरवलंयस त्यांच्या मनात! माझ्यासमोर हो म्हणाले ते. तू होतीस ना तिथे?”

“होते. आणि मीही तेच ऐकलं जे तू ऐकलंस. आता तूच विचार त्यांना. पण दादा, एकच प्रश्न विचार. आणि मग गप्प बस.”

“म्हणजे काय? मी काय बडबड्या आहे?”

“आहेस. मीही आहे. विचार.”

फोन मोठ्या आवाजावर ठेवून बाबांच्या हातात दिला. दादाने घसा साफ केला. “बाबा, माझ्याकडे राहायला येताय का?”

मला वाटलं, आता हा पाठोपाठ हॅलो हॅलो करणार, फरश्यांचं सांगणार. पण नाही, थांबला. पलीकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज झाला आणि तोही थांबला. बाबांनी दोन्ही ओठ दाबले, एक श्वास घेतला.

“बरं,” ते म्हणाले. हळू, अगदी प्रेमाने.

पलीकडे दादा खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, “नाही म्हणतायत गं.”

“हो रे.”

“खोली मी स्वतः रंगवली होती. माणूस नव्हता लावला.”

त्याच्या आवाजाला कुठला शब्द लावायचा ते मला माहीत होतं, पण मनातही उच्चारला नाही. बाबांनी फोन तोंडाजवळ ओढला आणि एक वेगळंच “बरं” म्हटलं, खालच्या सुरात, दादा लहानपणी पडून आला की म्हणायचे तसं. त्यात काय होतं ते फक्त दादाला ठाऊक. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसू ऐकू आलं.

“आणि तू?” दादाने मला विचारलं. “तुला झेपेल का?”

‘झेपेल की’ असं मी म्हणणारच होते. पण या वेळी तो थांबला होता, उत्तराची वाट बघत.

“दमते रे,” मी म्हटलं. “खूप दमते.”

मग आम्ही अर्धा तास बोललो. सकाळच्या कामाला तो एक माणूस लावून देतोय. दर महिन्यात आठवडाभर तो स्वतः येऊन राहणार. आणि ती रंगवलेली खोली तशीच ठेवणार, बाबांना चार दिवस राहायला यावंसं वाटलं तर. “पण विचारीन आधी,” म्हणाला.

बुधवार, ४ मार्च

लाँड्रीच्या मालकांना खोली सोडत असल्याचं सांगितलं. त्यांचा जिना बाबांना जमणार नाही. वर्ग आमच्या पुढच्या खोलीत भरवायचा. खुर्च्या ड्रायव्हर त्यांच्या भावाच्या टेम्पोतून आणून देतायत. काकू खूश आहेत, त्यांना आता नुसतं बसून राहावं लागणार नाही, तमाशा बघायला मिळेल, असं त्याच म्हणाल्या.

थेरपिस्टना फोन करून सांगितलं, “तुम्ही म्हणाला होतात तसं थांबते आता.” त्या म्हणाल्या, “अरे वा!” टोन सांगत नाही. मला आवडला नाही, पण तो माझ्या वाट्याला येणारच होता.

मंगळवार, १० मार्च

पुढच्या खोलीतला पहिला वर्ग.

बाबांना त्यांच्या खोलीतून इथवर यायला मोजकी पावलं. तरी दुपारपासून तयारी. दाढी, इस्त्रीचा शर्ट, बूट मी पुसले तर पुन्हा पुसायला लावले. भिंतीशी खुर्ची, समोर छोटं टेबल, टेबलावर हातोडी. वर्ग आत आला आणि सगळ्यांनी त्यांना नमस्कार केला. ‘ओळखीचे गृहस्थ’ कोण, ते कोणाला सांगावं लागलं नाही.

नवा खेळ बाबांनीच बसवला, न बोलता. ते “बरं” म्हणतात, वर्गाने टोनची बोली लावायची, आणि बरोबर शब्द आला की हातोडी. पहिल्याच ‘बरं’ला ड्रायव्हर ओरडले, “सॅड!” बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की खोलीभर हशा. “नाही, नाही, मागे घेतो,” ड्रायव्हर म्हणाले. “इम्पेशंट!” हातोडी पडली. मग ‘स्केप्टिकल’ गेलं, ‘टीझिंग’ गेलं. ‘विस्टफुल’ नर्सने घेतलं, आणि उदाहरणासकट वहीत उतरवलं. लिलावघरात मी मागच्या बाकावरून बघायची तेच बाबा होते. हनुवटी वर, नजर सगळीकडे, कोणाची बोली अर्धी राहिलीय ते ओळखणारे. मे महिन्याची मला आज पहिल्यांदा भीती वाटली नाही.

शेवटी मी म्हटलं, “आता एकच, मग उतारा.”

बाबांनी वर्गाकडे बघितलं, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाले.

“सॅटिस्फाइड,” ड्रायव्हर म्हणाले. हातोडी हलली नाही.

“अफेक्शनेट,” नर्स म्हणाली. हातोडी जरा वर आली आणि तिथेच राहिली.

“प्राउड?” पार्लरवाली ताईने विचारलं.

बाबांनी हातोडी पूर्ण वर उचलली. एक वार म्हणताना बघायचे तसं सगळ्यांकडे बघितलं, दोन वार म्हणताना बघायचे तसं पुन्हा बघितलं, आणि नजर माझ्यावर आणून ठेवली. खोलीत मी एकटीच होते जिने बोली लावली नव्हती.

माझ्या तोंडात दहा गोष्टी आल्या. चला उतारा घेऊ. बाबा दमले असतील. वेळ झाली. सगळ्या गिळल्या.

“बाबा,” मी विचारलं, “माझा अभिमान वाटतो तुम्हाला?”

आणि थांबले.

हातोडी टेबलावर पडली, एवढ्या जोरात की काकूंच्या हातातला कप हिंदकळला.

“विकलं!” ड्रायव्हर म्हणाले. मग आम्ही उतारा घेतला.